अर्धी मिशी

अर्धी मिशी गेली तेव्हा नितेशला जाग आली. पडवीतल्या आरशासमोर दाढी करताना उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली होती. डोलवीच्या कंपनीत सलग दोन शिफ्ट मारून तो सकाळीच कासूला घरी पोचला होता. मिशीची डावी बाजू फेसाबरोबर वाहून गेली होती, उजवी तेवढी शाबूत.

वाटी, रेझर, केस झडलेला ब्रश, सगळं बापाचं, मोरूचं. चार महिन्यांपूर्वी म्हाताऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. नितेशने आधी त्याची दाढी मशीनने करून पाहिली. घरघर ऐकली की म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवायचा. मग कोनाड्यातलं हे सामान खाली आलं. गरम पाणी, भरपूर फेस, आधी सुलटा हात, मग उलटा, शेवटी तुरटी. तेवढा वेळ नितेशला कोणी हाक मारत नसे. पुढे तो रोज स्वतःचीही दाढी तशीच करू लागला. दिवसातलं तेवढंच त्याला बरं वाटायचं.

आज तेही नकोसं झालं होतं. कंपनीतून येताना त्याच्या मनात आलं होतं, म्हातारा एकदाचा सुटला तर आपणही सुटू. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

अर्धी मिशी घेऊन कुठे जाणार? त्याने उरलेलीही उतरवली.

वैशाली चहा घेऊन बाहेर आली. नवऱ्याचं तोंड बघून तिच्या हातातला कप कलंडला. बाप असेपर्यंत मिशी उतरवायची नसते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“मामा गेले?” तिने कसंबसं विचारलं.

“नाय गो. झोप लागली. चुकून झालं.”

तरी ती आत धावलीच. म्हातारा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडला होता. तिने त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग नवऱ्याकडे रागाने बघितलं.

नितेश वाटी घेऊन खाटेशी बसला. ब्रश गालाला लावणार, तोच म्हाताऱ्याने डावा हात उचलला. नितेशच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं आणि ते इकडून तिकडे फिरवलं. मिशी खरंच नव्हती. म्हाताऱ्याचं तोंड हलायला लागलं.

“मी... हाय... अजून.”

चार महिन्यांनी आवाज फुटला होता. वैशाली रडायलाच लागली. नितेशला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. येतानाचा विचार बापाला कळलाच होता जणू. त्याची मान वर होईना.

म्हाताऱ्याने हनुवटी पुढे केली. तोंड वाकडंच होतं, पण हसत होतं.

“लाव फेस,” तो म्हणाला. “सावकाश. मला घाई नाय.”