सरांचा पहिला नंबर

“आज जीव खाऊन पळायचं. कोणी रेंगाळलं तर माझ्याशी गाठ आहे!”

पीटीच्या सरांनी हात गोल फिरवायला सुरुवात केली. सहावीच्या छत्तीस पोरांनीही फिरवले. मान झाली, खांदे झाले. कमरेत वाकायची वेळ आली तेव्हा सरांनी आकडे मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. मोजणाऱ्याला वाकावं लागत नाही, एवढं शहाणपण छप्पन्न वर्षांत आलं होतं.

मग मैदानाच्या तीन फेऱ्या. हा सरांचा हुकमी एक्का. वर्षभर ते रोज पोरांबरोबर धावत आणि रोज पहिले येत. “हल्लीच्या पोरांत दमच नाही,” असं शिक्षकांच्या खोलीत ऐकवत. अकरा वर्षांच्या मुलांना हरवल्याची फुशारकी मारू नये, हे त्यांना कळत होतं, पण वळत नव्हतं. रात्री गुडघ्याला मलम चोळताना बायको विचारायची, “आज कुठल्या बाळाला हरवलंत?”

पण आज थट्टेची वेळ नव्हती. मोठ्या बाईंनी सकाळीच सांगितलं होतं, “सर, तुमचा गुडघा साऱ्या शाळेला ठाऊक आहे. आज मी खिडकीतून बघणार. जमत नसेल तर उद्यापासून वाचनालय सांभाळा.” वाचनालय म्हणजे बंद खोली, कपाटांच्या किल्ल्या आणि निवृत्तीपर्यंत दोन वर्षं गप्प बसणं.

“खरंच जोरात पळायचं, सर?” वर्गाच्या मॉनिटरनं विचारलं. “आणि तुम्ही?”

“माझी काळजी तू करू नकोस.”

तिनं मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. शिट्टी वाजली.

पोरं सुटली. पहिल्या वळणावर सरांना त्यांच्या पाठी दिसल्या, दुसऱ्यावर नुसती धूळ. ज्याला ते वर्षभर ‘गोगलगाय’ म्हणत, तोच सगळ्यांच्या पुढे होता. सरांना स्वतःच्या बढाया एकेक करून आठवू लागल्या. ते कशीबशी दुसरी फेरी ओढत होते, तेव्हा मागून पावलं वाजली. पोरांची तिसरी फेरी संपत आली होती. सर बाजूला झाले.

पण ओलांडून कोणीच गेलं नाही. पावलं हळू झाली आणि सगळी रांग सरांच्या मागे लागली.

“व्हा पुढे, सर,” मॉनिटर हळूच म्हणाली. “रोजच्यासारखं.” सर पुढे आणि पोरं मागे, अशी वरात शेवटच्या रेषेपाशी आली.

मोठ्या बाई घाईघाईनं पायऱ्या उतरून आल्या. “मेला तो फोन! आत्ता कुठे सुटले, सुरुवात बघायची राहिलीच. पण बघायचं ते बघितलं. अख्खा वर्ग मागे आणि तुम्ही पहिले! राहू दे ते वाचनालय.”

सरांनी वळून पाहिलं. छत्तीस तोंडं लालबुंद झाली होती. धाप ऐकू येऊ नये म्हणून सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले होते. सरांना हसूच फुटलं.

“पहिला कसला, बाई,” ते गुडघा धरून म्हणाले. “मी अजून एक फेरी मागे आहे.”