शेवटच्याने लावायचं फाटक

रानात फिरायला जाणाऱ्या मंडळींचा नियम होता : शेताचं फाटक शेवटच्याने लावायचं. गुडघ्यांमुळे नर्सबाई कायम शेवटी. पण त्या फाटक लावून पुढे गेल्या, की मागे कडी पुन्हा वाजायची. वळून बघावं, तर कोणी नाही.

आज बाई इरेला पेटल्या. फाटक सताड उघडं धरून उभ्या राहिल्या. "या एकदाचे! मी हलायची नाही."

पुढून पोस्टमास्तरांची नेहमीची हाक आली, "बाई, लावलं का फाटक?"

"लावलं हो, चला!" पुढे मंडळींच्या मागोमाग चालणाऱ्या कोणीतरी उत्तर दिलं. आवाज बाईंचा होता, लंगडत चालणंही त्यांचंच.

"हे नाही चालायचं," म्हणत बाई तणतणत फाटकातून पुढे आल्या आणि सवयीने फाटक लावलं. कडी वाजली.

पुढची ती थबकली. वळून थेट बाईंकडे बघत राहिली.

मग मंडळींना म्हणाली, "कोणी नाही हो."