सात कंदील
१९६५ साल. लढाईमुळे मुंबईजवळच्या खाडीकाठच्या सारसोळ्यात रात्री दिवाबंदी होती, पण गोवर्धनची होडी परतली नव्हती. नवऱ्याला वाट दिसावी म्हणून पुतळानं खाडीतल्या जाळ्यांच्या खुंटांवर ओळीनं सात कंदील टांगले. मुंबईत उतरू पाहणाऱ्या लष्करी विमानाच्या वैमानिकाला ती ओळ धावपट्टी वाटली आणि विमान गाळात रुतलं. चिखलावर फळी सरकवत पुतळा पोचली, तेव्हा वैमानिक मेलेल्या सोबत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. “दिवे कुणी लावले?” “मीच, दादा. माजा मानूस खाडीत हाय.” “विझव, ताई. मागून आमचं दुसरं विमान येतंय.” “नि तो कसा येल?”  पुतळानं सातही कंदील विझवले. दुसरं विमान सुखरूप उतरलं. चौकशीत वैमानिकानं कंदिलांचं नाव न घेता दोष स्वतःवर घेतला. त्याला पुन्हा उडू दिलं नाही. गोवर्धनची होडी रिकामी सापडली. पुतळा पुढे दर पितृपक्षात दोन पानं वाढायची.