एकच मुलगी

शर्वाणीला बघायला पाहुणे आले, की तिची आई मंजिरी थोरल्या जुईला आतल्या खोलीत कार्टून लावून द्यायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. जुईला डाउन सिंड्रोम होता. तिशीतही ती टाळ्या पिटत आत जायची.

पण आता डाउन सिंड्रोमवर नुकतीच निघालेली नवी इंजेक्शनं तिला सुरू झाली होती. समज वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मंजिरीने देवापुढे साखर ठेवली होती. आता जुई पेपर वाचायची, वाद घालायची.

आज तिने कार्टून बंद केलं. "आई, मी ताई आहे ना तिची? मग मी आत का?"

"फक्त आजचा दिवस, बाळा." मंजिरीला कडी घालवेना. तिने दार नुसतं लोटून घेतलं.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने सहज विचारलं, "तुम्हाला ही एकच मुलगी का हो?"

शर्वाणीने मान खाली घातली. मंजिरीची नजर दाराकडे गेली. फटीतून जुईच्या ओढणीचा काठ दिसत होता.

"हो," मंजिरी म्हणाली, "एकच."

फट हळूच मिटली. मग त्या दाराची कडी पहिल्यांदाच आतून लागली.