चिमूटभर

बेकरीवाल्याने बिस्किटांच्या पिठाचं अख्खं घमेलं कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. सोडा चिमूटभर जास्त पडला होता. पंधरा वर्षं त्याच्याकडे राबणारा कारागीर मान खाली घालून उभा होता.

"चिमटीने काय होतं, म्हणतोस? चव बोंबलते आणि माझं नाव बुडतं! चिमटीची किंमत कळत नसेल तर भट्टीसमोर उभा राहू नकोस."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बेकरीवाल्याची सात वर्षांची नात हे सगळं ऐकत होती. आज तिचा वाढदिवस. गहू पोटात गेला की तिच्या आतड्यांना सूज येते, हे कळून वर्ष झालं होतं. त्या वर्षभरात खाली हजारो केक भाजले गेले, पण आजोबांच्या हातचा एक घास काही तिच्या तोंडाला लागला नव्हता. आज लागणार होता. त्यासाठी ती सकाळपासून तिथे ठाण मांडून होती.

वर, घरच्या स्वयंपाकघरात, पोरीच्या आईने, बेकरीवाल्याच्या सुनेने, ओटा तीनदा पुसला होता. तांदळाचं पीठ, नवी भांडी, नवी चाळणी, सगळं झाकून ठेवलेलं. नवरा खाली गल्ल्यावर होता. असल्या वेळी तो नेहमी गल्ल्यावरच असतो.

सासरे आले आणि त्यांनी पीठ चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"याची खळ करतात. भिंतीवर कागद चिकटवायला."

"बाबा, तेवढा ॲप्रन खाली काढून ठेवता का? पीठ असतं त्याला."

"आज ॲप्रन. उद्या कातडी काढून ठेवायला सांगशील! आमच्या चार पिढ्या गव्हावर पोसल्या, कुणाचं पोट कुरकुरलं नाही. आणि आता यांचे डॉक्टर मला पीठ शिकवणार."

सुनेच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण नात जिना चढून दारात येऊन उभी होती, आणि सासरे रुसले तर केक राहणार होता. तिने उत्तर गिळलं. चुकलंच तिचं.

म्हातारा उद्धट होता, पण हात सोन्याचा होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने अंडी अशी फेटली की फेस भांड्याबाहेर डोकावायला लागला. ज्या पिठाला नावं ठेवली तेच त्याने दोनदा चाळलं आणि हलक्या हाताने फेसात मिसळलं. नाकं मुरडणं फक्त तोंडापुरतं होतं. नात ओट्याला हनुवटी टेकून बघत राहिली.

मग त्याने केक भाजायच्या दुसऱ्या भांड्याला, चिकटू नये म्हणून, आतून लोणी फासलं. आणि उजवा हात, न सांगता, न विचारता, ॲप्रनच्या खिशात गेला. खिशात बेकरीच्या पिठाची डबी असते, चाळीस वर्षं असते. झाकण उडालं, भांड्यात चिमूटभर पीठ भुरभुरलं, भांडं दोनदा ओट्यावर आपटलं गेलं आणि वर सगळं मिश्रण ओतलंही गेलं.

"आजोबा, त्या डबीतलं पीठ कसलं होतं?"

"कुठल्या डबीतलं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. डबी ओट्यावर उघडी होती आणि त्याची बोटं पांढरी होती. सुनेने पोरीला ओट्यापासून मागे ओढलं. मागच्या वेळी अर्ध्या बिस्किटाने पोर दोन दिवस पोटाशी पाय घेऊन पडली होती.

चूक झाली, एवढे दोन शब्द म्हणता आले असते. पण असल्या माणसांना पिठाचं पोतं जड होत नाही, तेवढे दोन शब्द जड होतात.

"लागलं असेल भांड्याला," तो गुरगुरला. "चिमूटभर तर आहे! चिमटीने काय होतंय?"

नात विचारात पडली. ती उलट बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"मग सकाळचं बिस्किटांचं पीठ का टाकलंत?"

खालून भट्टीचं दार लागल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. त्याने भांडं उचललं आणि केक होऊ घातलेलं ते सगळं कचऱ्याच्या बादलीत ओतलं. हात सवयीने ॲप्रनला पुसायला गेला आणि मध्येच थांबला. ॲप्रन गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा होता.

तो दाराबाहेर जिन्यावर गेला. दोन्ही हात पाठीमागे नेऊन ॲप्रनची गाठ चाचपू लागला. गाठ घट्ट बसली होती. सून मदतीला पुढे झाली नाही.