मुक्काम राहू दे
द्वारकाला एका जागी फार वेळ बसवत नसे, गुडघे धरायचे. म्हणून टोरांटोच्या लेकीनं आईबाबांच्या प्रवासात दुबई आणि लंडनला एकेक दिवसाचा मुक्काम ठेवला. निघायला महिना होता आणि द्वारका गेली. “बाबा, आता थेट विमानानं या. तिकीट बदलते,” लेक फोनवर म्हणाली. “नाय बाई, मुक्काम राहू दे,” पुंजाराम म्हणाले. स्कूटरवरून बिडकीनला जाताना द्वारका मागून दर खेपेला म्हणायची, “जरा थांबा की! पुढं काय पंगत खोळंबलीय?” पुंजारामांनी स्कूटर कधी थांबवली नव्हती. चिकलठाण्याच्या विमानतळावरून ते एकटेच निघाले. दुबईच्या हॉटेलात त्यांनी किटलीत पाणी उकळलं, तिची शेकायची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि पलंगावर ती झोपायची त्या बाजूला ठेवली. “घे, थांबलो,” ते म्हणाले. शेजारी बसून राहिले. पिशवी गार पडली, तशी त्यांनी किटली पुन्हा लावली.