आरोपींची यादी

संचिताला मिठबावहून मागणी आली तेव्हा आई म्हणाली, "गो, आधी कोर्टात केसबीस आसा काय ता बघ." संचिताने फोनवर न्यायालयाचं संकेतस्थळ उघडलं, तालुका निवडला, मुलाचं नाव घालून दहा वर्षं चाळली. एकही खटला नव्हता. "पोरगो म्हंजे धुतलेलो तांदूळ!" आई हरखली. संचिताने बाबांचं नाव घातलं. ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्याजवळची मासळी लुटली तेव्हा रापणीचं जाळं ओढणाऱ्या गावांनी त्यांना अडवलं होतं. बाबा अजून त्यावरून झालेल्या खटल्याच्या तारखांना जातात. बेचाळीस आरोपींत मुलाचे वडील होते, धाकटा भाऊही होता. तो नव्हता. तिने त्यालाच फोन लावला. "ट्रॉलर अडवले त्या दिवशी तुमी खंय होतास?" "घरात. लचांड नको म्हणान कडी लावन बसलंय." फोन ठेवून ती म्हणाली, "आये, पत्रिका परत धाड." "अगो, काय गावला तुका?" "कायच नाय गावला. म्हणानच."